सात हजारांचं कर्ज आणि स्वतंत्र देशाचं पहिलं वैयक्तिक पदक : पैलवान खाशाबा जाधव यांची गोष्ट

बीड : दरवर्षी १५ जानेवारीला शाळाशाळांत राज्य क्रीडा दिन साजरा होतो. पोरं मैदानावर रांगेत उभी राहतात, एका पैलवानाच्या फोटोला हार घातला जातो, दोन-चार भाषणं होतात आणि धावण्याच्या शर्यती लागतात. फोटोतला माणूस कोण, हे मात्र बऱ्याच पोरांना सांगता येत नाही. तो माणूस म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव. स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमध्ये पहिलं वैयक्तिक पदक मिळवून देणारा पैलवान. साल होतं १९५२, गाव होतं फिनलंड देशातलं हेलसिंकी.

खाशाबांचं नाव घेतलं की पदकाची गोष्ट सांगितली जाते आणि तिथंच थांबते. पण गावच्या आखाड्यातून शाळेत, शाळेतून कॉलेजात, कॉलेजातून देशाच्या संघात आणि तिथून जगाच्या मैदानात जाताना त्यांना प्रत्येक पायरीवर कोणी तरी अडवलं आणि कोणी तरी हात दिला. ताकद तर अंगात होतीच. तरी नुसत्या ताकदीवर ते हेलसिंकीला पोहोचले नसते. ज्यांच्या घरात आज एखादं पोरगं तालमीत जातंय, त्यांनी ही गोष्ट मुद्दाम वाचावी.

घरातच तालीम

सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचं गाव आहे. तिथं १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब शेतकरी आणि स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. घरात कुस्तीचं वातावरण होतं, त्यामुळं पोराला तालमीत घालायचं की नाही, असा प्रश्नच आला नाही. चालायला लागलेलं पोर जसं आपोआप गोठ्याकडं वळतं, तसे खाशाबा आखाड्याकडं वळले. पहिले डाव वडिलांनीच शिकवले.

त्या भागात कुस्ती म्हणजे जत्रेचा प्राण. आपल्याकडं यात्रेला जसा शेवटच्या दिवशी आखाडा भरतो, हलगी कडाडते, आधी लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या लागतात आणि दिवस कलायला लागला की मानाची कुस्ती सुटते, तसंच तिकडंही. वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षीच खाशाबा आपल्यापेक्षा थोराड पोरांना पाडायचे, असं त्यांच्या भागातली जुनी माणसं सांगत आली.

त्यांची अंगलट मात्र पैलवानाची वाटावी अशी नव्हती. उंची बेताची, शरीर सडपातळ. रस्त्यानं चालले तर हा पैलवान असेल असं कोणाला वाटू नये. पण पायात वेग होता आणि डाव डोक्यात पक्के बसलेले. पुढं इंग्रजी पेपरवाल्यांनी त्यांना पॉकेट डायनॅमो असं नाव ठेवलं. खिशात मावेल एवढं यंत्र, पण सुरू झालं की थांबत नाही, असा त्याचा अर्थ.

त्यांचा हुकमी डाव होता ढाक. समोरच्याची मान बगलेत पकडायची, कंबर आत घालायची आणि त्याच्याच वजनाचा फायदा घेऊन त्याला पाठीवर आणायचं. यात दंडाच्या जोरापेक्षा वेळ साधण्याला महत्त्व असतं. अर्धा क्षण उशीर झाला तर टाकणाराच खाली सापडतो. अंगानं लहान असलेल्या पैलवानाला असा डाव लागतोच, आणि खाशाबांनी तो घोटून घोटून आपला केला होता.

शाळा आणि बेचाळीसची धामधूम

१९४० साली खाशाबा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये आले आणि १९४७ पर्यंत तिथं शिकले. पैलवानकी करायची म्हणजे शाळा सोडायची, असा समज तेव्हाही होता आणि आजही खेड्यापाड्यात आहे. खाशाबांनी तालीम आणि शाळा दोन्ही धरून ठेवलं. पुढं कॉलेजचं दार उघडलं ते या शाळेमुळंच, आणि कॉलेजमुळं ऑलिम्पिकचा रस्ता दिसला.

ती वर्षं साधी नव्हती. १९४२ ची चळवळ पेटली होती. सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं होतं. गावोगावचे कार्यकर्ते भूमिगत झाले होते. शाळकरी वयातल्या खाशाबांनीही भूमिगतांना आसरा देणं, चिठ्ठ्या-पत्रकं पोहोचवणं अशी कामं केली. परदेशात जाऊन आपल्या देशाचा तिरंगा वर चढवायचा, ही जिद्द त्यांच्या मनात त्याच दिवसांत रुजली, असं त्यांच्याविषयी सांगितलं जातं.

कोल्हापूर : पहिलं दार उघडलं

शाळा संपल्यावर खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे पैलवानांची पंढरी. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला होता. पेठापेठांत तालमी आणि मधोमध खासबागचं मैदान. अशा गावात नाव काढायचं तर समोर एकाहून एक तगडे मल्ल.

इथं खाशाबांना बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांचं मार्गदर्शन मिळालं. कॉलेजच्या वार्षिक क्रीडा स्पर्धेत मात्र पहिला अडथळा आला. या किरकोळ अंगाच्या पोराला कुस्तीत उतरवायला खेळाचे शिक्षक तयार नव्हते. खाशाबा गप्प बसले नाहीत. ते थेट प्राचार्यांकडं गेले. प्राचार्य होते बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. त्यांनी परवानगी दिली. खाशाबा आखाड्यात उतरले आणि आपल्यापेक्षा भारी पोरांना पाडून बाहेर आले.

प्राचार्यांच्या खोलीत दोन मिनिटांत झालेल्या या कामाचं मोल फार मोठं होतं. त्या दिवशी परवानगी मिळाली नसती तर कॉलेजच्या संघात नाव लागलं नसतं. तिथं नाव नसतं तर पुढची स्पर्धा नव्हती. आणि याच खर्डेकरांचं नाव काही वर्षांनी या गोष्टीत पुन्हा येतं, तेही फार मोठ्या कारणानं.

लंडन १९४८ : मातीतला पैलवान गादीवर

१९४८ साली लंडनला ऑलिम्पिक भरलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलंच ऑलिम्पिक. खाशाबांची निवड झाली. जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. वय बावीस.

त्या वेळी आपला बीड जिल्हा काय स्थितीत होता, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. ते ऑलिम्पिक २९ जुलै ते १४ ऑगस्ट १९४८ या काळात झालं. बीडसह सगळा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राजवटीत होता. हैदराबाद मुक्त झालं ते त्यानंतर महिन्याभरानं, १७ सप्टेंबरला. म्हणजे खाशाबा तिरंग्याखाली लंडनला लढत होते, तेव्हा आपल्याकडं तिरंगा लावणं हाच गुन्हा होता.

लंडनला पोहोचल्यावर खाशाबांपुढं नवीनच पेच उभा राहिला. जन्म सगळा मातीत गेलेला. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली आखाड्याची मऊ माती पायाला ओळखीची. ऑलिम्पिकची कुस्ती मात्र गादीवर, म्हणजे मॅटवर. तिथं पायात बूट, अंगात घट्ट पोशाख. मातीत अंगाला माती लागली की पकड घट्ट बसते. गादीवर घामानं हात निसटतो. मातीवरची कुस्ती निकाली होईपर्यंत लांबू शकते. गादीवर घड्याळ चालू असतं आणि वेळ संपली की पंच गुणांवर निकाल देतात. पाठ लावली नाही तरी माणूस हरू शकतो, हे मातीतल्या पैलवानाला पचायला जड जातं.

लंडनला भारतीय पैलवानांना शिकवायला अमेरिकेचे रीस गार्डनर होते. त्यांच्या हाताखाली खाशाबांनी गादीचे नियम समजून घेतले. गट होता ५२ किलोचा, म्हणजे फ्लायवेट. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला त्यांनी पहिल्या काही मिनिटांतच गारद केलं. अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही हरवलं. पुढं इराणच्या मन्सूर रईसीनं त्यांना रोखलं. खाशाबा सहावे आले.

गादीची सवय नसलेला खेड्यातला पोरगा पहिल्याच ऑलिम्पिकमध्ये जगात सहावा येतो, ही गोष्ट लहान नव्हती. खाशाबांना मात्र ते पुरेसं वाटलं नाही. काय कमी पडलं हे त्यांना कळलं होतं. घरी परतले आणि दुसऱ्या ऑलिम्पिकच्या तयारीला लागले.

चार वर्षं घाम, मग निवडीचा घोळ

पुढच्या चार वर्षांत त्यांनी मेहनत वाढवली. वजनाचा गटही वाढवला. ५२ किलोवरून ते ५७ किलोच्या बँटमवेट गटात आले. हे सोपं नसतं. पाच किलोनं वरच्या गटात गेलं की समोरचा प्रत्येक माणूस तेवढाच जास्त ताकदीचा येतो. तरीही त्यांनी मोठमोठ्या पैलवानांना हरवत नाव टिकवलं.

आणि तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकच्या निवडीच्या वेळी त्यांना डावललं गेलं. निवडीच्या कुस्त्यांत आपल्यावर अन्याय झाला, असं खाशाबांचं म्हणणं होतं. दुसरा एखादा नशिबाला बोल लावून गावाकडं परतला असता. खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागितली. महाराजांचा खेळाच्या कारभारात मोठा शब्द होता. त्यांनी म्हणणं ऐकून घेतलं आणि बंगालच्या निरंजन दास यांच्याशी खाशाबांची पुन्हा कुस्ती लावली. खाशाबांनी ती बघता बघता निकाली काढली. आता कोणाला बोलायला जागा उरली नाही. हेलसिंकीच्या यादीत नाव आलं.

कॉलेजात शिक्षकांनी नाही म्हटल्यावर ते प्राचार्यांकडं गेले होते. देशाच्या निवडीत डावलल्यावर महाराजांकडं गेले. आपल्या हक्काचं आहे ते रीतसर मागायचं, दाराशी उभं राहून मागायचं आणि मिळालं की आखाड्यात ते खरं करून दाखवायचं, हा त्यांचा स्वभावच होता.

तिकिटाचे पैसे कुठून आणायचे?

नाव यादीत आलं, पण जायचं कसं? १९४८ ला कोल्हापूर संस्थान होतं, महाराजांनी खर्च केला. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. राजाच्या खजिन्याचा आधार गेला. नवीन सरकारची खेळाडूंना मदत द्यायची व्यवस्था अजून बसलेली नव्हती. खाशाबांनी मुंबई राज्य सरकारकडं मदत मागितली, पण वेळेवर पैसा हातात पडला नाही. जगातल्या पहिल्या सहांत आलेला पैलवान प्रवासखर्चासाठी दारोदार फिरत होता.

मग गाव पुढं आलं. गोळेश्वरच्या आणि कराड भागातल्या लोकांनी वर्गणी काढली. कोणी रोख रक्कम दिली, दुकानदारांनी हातभार लावला. घरच्यांनी घरातलं होतं नव्हतं ते गोळा केलं. तरी आकडा जुळेना.

शेवटी प्राचार्य खर्डेकर उभे राहिले. त्यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं आणि सात हजार रुपये खाशाबांच्या हातात ठेवले. आज सात हजारांत बरा मोबाईलही येत नाही. तेव्हा एका प्राचार्यालाही एवढी रक्कम उभी करायला राहतं घर गहाण ठेवावं लागलं, यावरूनच त्या पैशाची किंमत कळते. पोरगा पदक घेऊन येईल याची काही हमी नव्हती. सोन्यावर कर्ज मिळतं, जमिनीवर मिळतं. खर्डेकरांनी मात्र एका विद्यार्थ्याच्या मनगटावर घर लावलं होतं.

हेलसिंकी, २३ जुलै १९५२

फिनलंड हा देश युरोपच्या पार उत्तरेला. जुलैतही हवा थंड, आणि उन्हाळ्यात रात्र अशी फारशी होतच नाही. तिथं खाशाबा ५७ किलो फ्रीस्टाईल गटात उतरले.

त्या काळचा हिशेब आजच्यापेक्षा वेगळा होता. एक कुस्ती हरली की माणूस बाहेर, असं नव्हतं. हरणाऱ्याच्या नावावर उणे गुण चढत. गुणांवर जिंकलेल्याच्या नावावरही थोडे चढत. पाठ लावून, म्हणजे चीत करून जिंकणाऱ्याच्या नावावर मात्र काही चढत नसे. ठरावीक उणे गुण झाले की पैलवान स्पर्धेतून बाद. त्यामुळं नुसतं जिंकण्यापेक्षा चीत करून जिंकण्याला फार किंमत होती. लहानपणापासून पाठ लावल्याशिवाय कुस्ती संपत नाही हे शिकलेल्या खाशाबांना हा नियम मानवणारा होता.

कॅनडाचा एड्रियन पोलिक्वीन समोर आला, त्याची पाठ लागली. मेक्सिकोचा लिओनार्दो बसुर्तो आला, त्याचीही लागली. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झला त्यांनी गुणांवर हरवलं. आता पदकाच्या कुस्त्या उरल्या. समोर दोनच माणसं, जपानचा शोहाची इशिई आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव.

इथं खाशाबांना नशिबानं नाही, तर माणसांनी दगा दिला. एक लांबलेली, दमवणारी कुस्ती आटोपते न आटोपते तोच त्यांना मामेदबेकोवशी लढायला बोलावलं गेलं. नियम असा होता की दोन कुस्त्यांच्या मध्ये किमान अर्धा तास विश्रांती मिळाली पाहिजे. पण तो नियम पंचांपुढं मांडायचा कोणी? पैलवानाला परक्या देशात, परक्या भाषेत भांडता येत नाही. ते काम संघाबरोबर गेलेल्या अधिकाऱ्यांचं असतं. त्या वेळी तिथं एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. धाप लागलेल्या अंगानं खाशाबा पुन्हा गादीवर चढले आणि ती कुस्ती हरले.

इशिई सुवर्णपदकाचा मानकरी ठरला, मामेदबेकोवला रौप्य मिळालं आणि खाशाबांना कांस्य. तारीख होती २३ जुलै १९५२. अर्धा तास श्वास घ्यायला मिळाला असता तर पदकाचा रंग बदलला असता का, याचं उत्तर कोणालाच देता येणार नाही. पण तो अर्धा तास त्यांच्या हक्काचा होता, एवढं नक्की.

लगेच दुसऱ्या दिवशी, २४ जुलैला, भारताच्या हॉकी संघानं नेदरलँड्सला ६-१ नं हरवून सुवर्णपदक जिंकलं. हॉकीतला विजय देशाच्या ओळखीचा होता. एकट्यानं जिंकलेलं पदक स्वतंत्र भारतात याआधी कोणी आणलंच नव्हतं. इंग्रजांच्या राजवटीत, १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्डनं धावण्यात दोन रौप्यपदकं मिळवली होती. त्यानंतर थेट खाशाबा.

१५१ बैलगाड्यांची मिरवणूक

खाशाबा परतले तेव्हा सरकारी थाट काही नव्हता. पण कराड आणि गोळेश्वरच्या लोकांनी जे केलं ते आजही सांगितलं जातं. तब्बल १५१ बैलगाड्या सजवल्या गेल्या. ढोल-ताशे, फटाके, गुलाल. स्टेशनपासून गावाचं अंतर थोडकंच, पण माणसांच्या गर्दीतनं मिरवणूक गावात पोहोचायला कित्येक तास लागले. ज्यांनी रुपया-दोन रुपये वर्गणी दिली होती, त्या प्रत्येकाचा त्या पदकात वाटा होता.

हार उतरले, गुलाल धुतला आणि खाशाबा पुन्हा कामाला लागले. खर्डेकरांचं घर गहाण होतं. पदक विकता येत नाही आणि मिरवणुकीवर कर्ज फिटत नाही. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लंगोट लावून उतरले, कुस्त्या जिंकल्या. त्यातून जे पैसे आले ते आधी खर्डेकरांना दिले आणि त्यांचं घर सोडवलं.

ऑलिम्पिकचा पदकविजेता देशाचं पदक आणण्यासाठी झालेलं कर्ज फेडायला परत मातीत उतरला. खाशाबांच्या आयुष्यात पदकापेक्षाही मोठी गोष्ट कोणती, असं विचारलं तर अनेक जुने पैलवान हीच सांगतील.

खाकी वर्दी आणि उशिरा आलेले मान

१९५५ साली खाशाबा पोलीस दलात फौजदार म्हणून लागले. पोलिसांच्या स्पर्धांत ते खेळले, जिंकले, नव्या पोरांना शिकवलं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकला मात्र त्यांना जाता आलं नाही. गुडघ्याच्या दुखापतीनं वाट अडवली. पोलीस दलात त्यांनी सत्तावीस वर्षं नोकरी केली. बढती फार उशिरा मिळाली, निवृत्तीच्या वेळी ते सहायक पोलीस आयुक्त होते. निवृत्त झाल्यावर हक्काच्या पेन्शनसाठीही त्यांना झगडावं लागलं. १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ भरले, तेव्हा मशाल घेऊन धावणाऱ्यांत त्यांना मान मिळाला.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात खाशाबा गेले. वय अठ्ठावन्न.

मान-सन्मान आले ते नंतर. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला, तेव्हा खाशाबा पस्तीस वर्षांचे होते. तो त्यांना जाहीर झाला २००० सालचा, म्हणजे मरणानंतर सोळा वर्षांनी. त्याआधी राज्याचा शिवछत्रपती पुरस्कारही मरणोत्तरच दिला गेला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतल्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव देण्यात आलं. २०२३ च्या १५ जानेवारीला गुगलनं त्यांचं चित्र आपल्या पहिल्या पानावर लावलं, आणि अनेक तरुण पोरांनी त्या दिवशी पहिल्यांदा हे नाव वाचलं. राज्य सरकारनं त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून ठरवला. हयात असताना मात्र पद्म पुरस्कार त्यांच्या वाट्याला आला नाही.

त्यांच्यानंतर भारताला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला ४४ वर्षं लागली. १९९६ साली अटलांटाला लिअँडर पेसनं टेनिसमध्ये कांस्य मिळवलं. कुस्तीत तर ५६ वर्षं वाट पाहावी लागली, २००८ साली बीजिंगला सुशीलकुमारनं कांस्य आणलं तेव्हा.

आपल्या जिल्ह्यातल्या पोरांसाठी

बीड जिल्ह्याला खाशाबा परके नाहीत. पाटोद्याचा राहुल आवारे घरातच कुस्ती शिकला. त्याचे वडीलही पैलवान. मग पोरगा पुण्याला हरिश्चंद्र बिराजदार मामांच्या तालमीत गेला, पुढं काका पवारांकडं. २०१८ ला राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं ५७ किलो गटात सुवर्ण जिंकलं, म्हणजे आकड्यानं खाशाबांच्याच गटात. २०१९ ला जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य मिळवलं. ६१ किलोचा गट ऑलिम्पिकमध्ये नाही, आणि ऑलिम्पिकची गादी राहुलच्या वाट्याला आली नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे दुष्काळी रानातून निघून सैन्यात गेला आणि तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये टोकियो आणि पॅरिस अशी दोन ऑलिम्पिकं धावला.

आज रस्ता खाशाबांच्या वेळेपेक्षा बराच बरा आहे. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि देश अशा पायऱ्यांनी होतात. १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट असतात. पात्र खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. मोठं पदक आणलं तर थेट अधिकाऱ्याची जागा मिळते, राहुल आवारे पोलीस उपअधीक्षक झाला तो असाच. खाशाबांना यातलं काहीच नव्हतं.

तरी अडचणीची जागा तीच आहे. यात्रेत मानाची कुस्ती मारणारं पोरगं जिल्ह्याच्या स्पर्धेत गादीवर पहिल्यांदा पाय ठेवतं आणि गुणांवर हरून येतं. ऊस तोडायला आई-बाप सहा महिने बाहेर, मग खुराक कोणी बघायचा? जन्माचा दाखला वेळेवर नाही, म्हणून वयाच्या गटातून नाव कटतं. विभागाच्या स्पर्धेला जायला गाडीभाडं नाही, म्हणून पोरगं घरीच राहतं. यातल्या एकाही गोष्टीचा पोराच्या ताकदीशी संबंध नाही.

म्हणून खाशाबांचा फोटो लावताना त्याच्या शेजारी एक घर आठवावं, कोल्हापुरातलं, सात हजारांसाठी गहाण पडलेलं. आणि १५१ बैलगाड्या आठवाव्यात. गाडी जुंपून मिरवणूक काढायला गावं आजही मागं हटत नाहीत. यात्रेच्या वर्गणीतले थोडे पैसे बाजूला काढून गावच्या तालमीत एक गादी टाकली, दोन पोरांच्या प्रवासखर्चाची सोय केली आणि दाखले काढायला कोणी तरी सोबत गेलं, तर मिरवणूक काढायचं कारणही गावातच तयार होईल.